मंजिरी जेवते तेव्हा वर बघायचं

आमच्या जिन्याखाली बारा महिने एक बॅग भरलेली असते. इंडियाची बॅग. साउथहॅम्प्टनमधल्या आमच्यासारख्या कुठल्याही घरी जा, जिन्याखाली नाहीतर पलंगाखाली ती सापडेलच. सेलमध्ये कार्डिगन दिसलं, टाक बॅगेत. साबणाच्या दोन वड्यांवर तिसरी फुकट, टाक बॅगेत. प्रत्येक वस्तूवर मी पांढऱ्या चिकटपट्टीवर नाव लिहून ठेवते, कारण एकदा सुलक्षणाआत्यांचं कार्डिगन द्रौपदीकाकूंना गेलं आणि दीड वर्ष दोन घरांत नुसता कोरडा नमस्कार चालू होता. बॅगेच्या हँडलला परकराची लाल नाडी. मुंबई विमानतळाच्या पट्ट्यावर सगळ्यांच्याच बॅगा निळ्या असतात, नाडीवरून ओळखायची. सगळ्यांच्या नाड्याही लालच असतात, ते सोडा.

१९९४च्या सप्टेंबरात आम्ही स्पेनला निघालो तेव्हा मी दुसरी बॅग भरली. मंजिरीची. तांदूळ-मूग भाजून दळलेलं पीठ, नाचणीचं सत्त्व, मेतकूट, तुपाची बरणी, छोटा कुकर, दोन वाट्या, चार चमचे, ते चमचे निर्जंतुक करायच्या गोळ्या, आणि उकळून गार केलेल्या पाण्याच्या सहा बाटल्या. ही बॅगही निळीच, त्याच दुकानातली. महत्त्वाची बॅग, हरवायला नको, म्हणून मी तिला घरात होती ती नाडी बांधली. लाल.

तुम्हाला पुढचं कळलंच असेल. मला नाही कळलं.

मंजिरी तेव्हा तेरा महिन्यांची होती आणि जेवत नव्हती. कमी जेवायची असं नाही, जेवायचीच नाही. चमचा दिसला की ओठ असे मिटायची की वाटावं, पाकीट डिंक लावून बंद केलंय. मी चिऊचा घास करायची, काऊचा करायची, चमच्याचं विमान करायची, खिडकीतून डबलडेकर दाखवायची. आणि सगळा वेळ तिच्या तोंडाकडे बघत असायची. उघडलं का? गिळलं का? गालात धरून ठेवलंय का? दर जेवणाची नोंद वहीत. ‘सकाळी पावणेदोन चमचे, पैकी एक बिबवर.’ मी बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी. नोंदी ठेवायची सवय आणि जिथेतिथे जंतू दिसायची सवय, दोन्ही तिथलीच.

आमच्या हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळांची वजनं-तब्येती बघणाऱ्या सरकारी नर्स, मिसेस हॉब्ज फार चांगल्या बाई. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या हळुवार बोलायच्या. मंजिरीच्या लाल वहीत वजनाचा तक्ता होता, त्यावर छापलेल्या रेघा वर चढत जायच्या आणि आमची पेनाची रेघ मात्र दमलेल्या माणसासारखी मध्येच बसून घेत होती. “चार ऑक्टोबरला घरी येऊन परत वजन करते, माय लव्ह,” त्या म्हणाल्या. “तेव्हाही वाढलेलं नसलं तर हॉस्पिटलला पत्र देते. तपासण्या करून घेऊ. घाबरायचं काही नाही.”

घाबरायचं काही नाही असं म्हटलं की घाबरायचंच असतं. तेरा महिन्यांच्या हातात सुई खुपसणार, रक्त काढणार, आणि ते का, तर आईला भरवता येत नाही म्हणून. दवाखान्यातून येताना मी बसमध्ये घरापर्यंत तोंड खिडकीकडे करून बसले.

विनयला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, यातलं काही वाटत नव्हतं. तो भूलतज्ज्ञ. श्वास घेणारं माणूस म्हणजे त्याच्या दृष्टीनं तब्येत उत्तम. त्याच्या थिएटरमध्ये मारिसोल नावाची स्पॅनिश नर्स होती. तिच्या आईवडिलांची रियोहा भागात द्राक्षबाग. सुगीला ती रजा काढून घरी जायची, आणि तिनं आम्हाला बोलावलं.

“जाऊ या गं,” विनय म्हणाला. “वर्षभरात तू एकदा तरी गरम जेवलीस का?”

“आणि हिच्या खाण्याचं?”

“बॅग भर एक.”

भरली. म्हणून तर हे सगळं.

पोर्ट्समथहून बोटीनं बिल्बाओ, तिथून गाडीनं दीड तास. वाटेपुरतं खाणं माझ्या हातातल्या पिशवीत होतं, त्यातलं मंजिरीनं तीन चमचे खाल्लं आणि एक चमचा समुद्राला दिला. शनिवारी दुपारी मारिसोलच्या घरी पोचलो. दगडी घर, गॅलरीत सुकत घातलेल्या लाल मिरच्यांच्या माळा. मी सांगलीची. त्या माळा बघून मला एकदम गहिवरून आलं. मारिसोलची आई, पिलार, दारातच उभी होती. काळा झगा, पांढरे केस, हात पोळपाटाएवढे. तिनं मला बाजूला सारलं, मंजिरीला उचललं, मांडीला चिमटा काढून बघितला आणि मारिसोलला काहीतरी म्हणाली.

“काय म्हणाल्या?” मी विचारलं.

“म्हणाली, सुंदर आहे,” मारिसोल म्हणाली. फारच पटकन म्हणाली.

मी बॅग उघडली. वरच कार्डिगन. जांभळं. त्याच्या खाली राखाडी कार्डिगन. त्याच्या खाली नऊ चॉकलेटं, चार घडीच्या छत्र्या, नॉनस्टिक तवा, साबण, नखं कापायची यंत्रं अर्धा डझन.

“विनय.”

“हं?”

“ही कुठली बॅग?”

“तूच सांगितलंस ना, लाल नाडीची.”

“मी सांगितलं दाराजवळची, लाल नाडीची!”

“दाराजवळ बघितली नाही. जिन्याखाली होती लाल नाडीची.” त्यानं आत डोकावून एक पट्टी वाचली. “द्रौपदीकाकू... अगं बाई.”

मी पलंगावर बसले. शनिवार संध्याकाळ व्हायला आली होती, गावातलं एकुलतं दुकान आता सोमवारी उघडणार. माझ्या मुलीचं सगळं अन्न साउथहॅम्प्टनच्या दाराशी उभं होतं आणि मी परदेशात अर्धा डझन नखं कापायची यंत्रं घेऊन बसले होते. मला हसू फुटलं. मग रडू. मग विनय तो तवा डोक्यावर धरून उभा राहिला तेव्हा परत हसू.

पिलारनं तांदूळ दिले. मी मऊ भात शिजवला, चार वेळा उकळलेल्या पाण्यात. मंजिरीनं पाकीट बंद केलं. मी चिऊ केली, काऊ केला, विमान केलं. पिलार हाताची घडी घालून चुलीशी उभी होती. ती मंजिरीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला भयंकर राग आला. परीक्षेत कुणीतरी मागून उत्तरपत्रिका वाचावी तसं.

रविवारी सगळे बागेत जेवायला. द्राक्षबाग म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर आमच्या तासगावकडचा मांडव, खाली सावली, वर घड. इथे वेली गुडघ्याएवढ्या, वांग्याच्या झाडासारख्या ठेंगण्या, आणि प्रत्येकीच्या पोटाशी काळेभोर घड लपवलेले. मारिसोलच्या वडिलांनी गेल्या छाटणीच्या वाळक्या काड्यांची मोळी पेटवली. दहा मिनिटांत ज्वाळा संपल्या, नुसता लाल निखारा. त्यावर जाळी, जाळीवर कोवळ्या कोकराच्या बरगड्या. एकेक बोटभर लांब, वर नुसतं जाडं मीठ. तो वास असा सुटला की विनय बोलायचाच थांबला, आणि विनय बोलायचा थांबणं ही सोपी गोष्ट नाही.

मी मात्र घोंगडीवर मंजिरीला घेऊन बसलेली, हातात भाताची वाटी.

मग तो पोर्रोन आला. काचेचं भांडं, चंबूसारखं पोट आणि कुशीतून निघालेली लांब निमुळती तोटी. आत लाल वाइन. मारिसोलचे वडील प्यायले, शेजारच्याला दिला, तो प्यायला, पुढच्याला दिला. दहा-बारा माणसं, एक भांडं.

“मला नको,” मी मारिसोलला म्हटलं. “म्हणजे, सगळ्यांचं एकच... मी मायक्रोबायॉलॉजी केलंय.”

“नीट बघ तरी,” ती म्हणाली.

बघितलं. कुणाचेही ओठ तोटीला लागत नव्हते. हात लांब करायचा, मान मागे टाकायची, आणि हवेतून येणारी बारीक धार थेट घशात घ्यायची.

वरून पितात! सगळं गाव वरून पितं! मला एकदम सांगलीच्या शाळेतली माठाची ओळ आठवली. एक पितळी तांब्या, चाळीस मुली, आणि ओठ लावला तर ‘उष्टं केलं, उष्टं केलं’ म्हणून आठवडाभर जीव नकोसा करतील. तोंड न मिटता गिळायचं, थेंब सांडायचा नाही, हसवलं तरी हसायचं नाही. साउथहॅम्प्टनमध्ये पाच वर्षं मी मगला ओठ लावून पीत होते आणि माझ्या अंगात ही विद्या नुसती पडून होती.

“दे इकडे,” मी म्हटलं.

विनय म्हणाला, “मधू, साडीवर सांडेल.”

“तू गप. तुम्ही पुण्याची माणसं ओठ लावून पिणारी.”

हात पूर्ण लांब केला. मान मागे. धार आली. गार, कोवळी, आधी जांभळासारखी जरा तुरट, मग गोड, मग नाकात कुठेतरी पावसाळी मातीचा वास. एक, दोन, तीन घोट, तोंड न मिटता. आजूबाजूला टाळ्यांचा ठेका. धार पडत असताना खाली बघता येत नाही. खाली बघितलं की वाइन नाकात. वर निळं, लख्ख आकाश, त्यात कसलासा एक पक्षी गोल फिरत होता. मी तेरा महिन्यांत आकाश बघितलं नव्हतं.

तेवढ्यात विनयचा आवाज, अगदी हळू.

“मधू. खाली बघू नकोस.”

मी घशातून विचारलं, “अं?”

“काही झालं नाही. चांगलं झालंय. पीत राहा.”

पण आईला असं म्हटल्यावर आई बघणारच. मी पोर्रोन खाली केला, वाइन हनुवटीवरून गळ्यात, आणि बघितलं. मंजिरी पिलारच्या मांडीवर. दोन्ही मुठींत एक बरगडी. गाल, नाक, कपाळ तुपकट. ती मटण चोखत नव्हती, कुरतडून खात होती, उंदरासारखी. तिनं माझ्याकडे बघितलं. माझी नजर तिच्या तोंडावर गेली. उघडलं का? गिळलं का?

पाकीट बंद. बरगडी घोंगडीवर.

“अरे देवा,” विनय म्हणाला.

पिलारनं माझ्याकडे बोट केलं, मग पोर्रोनकडे, मग आकाशाकडे. स्पॅनिशमध्ये काय म्हणाली ते कळायला मारिसोलची गरज नव्हती. कुठल्याही भाषेतली सासू तेच म्हणाली असती.

“पण हाड आहे रे हातात! घशात गेलं तर?”

विनय मंजिरीसमोर मांडी घालून बसला. “तू वर बघ, खाली मी बघतो. माणूस झोपला की त्याचा श्वास बघत बसायचं, माझा धंदाच तो आहे. पी.”

मी प्यायले. तो मला खालून आकाशवाणीसारखा बातम्या देत होता. “उचलली. तोंडात घातली. चावतेय. गिळलं! मधू, गिळलं!” मला हसू आलं, पण शाळेचा नियम, हसायचं नाही. “आता पिलारनं पांढरा घेवडा दिलाय, ओला, रश्श्यातला. खातेय. आता भाजलेली लाल ढोबळी मिरची, साल काढलेली. अगं, शेवयांसारखी ओढून घेतेय!”

सगळ्या बागेला आता कळलं होतं. मी हात खाली आणायला लागले की दहा-बारा माणसं एकदम ओरडायची, वर, वर! शेजारच्या बागेतली माणसंही कुंपणाशी येऊन उभी राहिली. आईनं प्यावं म्हणजे मूल जेवतं, असला नवस त्यांनी कधी बघितला नव्हता. मारिसोलच्या वडिलांनी टोपी काढून छातीशी धरली. तिसऱ्या फेरीला आकाशातल्या एका पक्ष्याचे दोन झाले, तेव्हा मारिसोलनं शहाणपणा करून पोर्रोनमध्ये ताज्या द्राक्षांचा रस भरून आणला.

पुढे पिलारनं पावाचा तुकडा वाइनमध्ये बुडवला, वर साखर भुरभुरली आणि मंजिरीच्या तोंडाकडे नेला. ते मात्र मला आकाशातूनसुद्धा दिसलं. मी पोर्रोन टाकला नाही एवढंच. “नो! नो! नो!” पिलारनं खांदे उडवले आणि तो तुकडा माझ्याच तोंडात कोंबला. चांगला लागला हो. म्हणजे फारच चांगला.

तो आठवडा मी वर बघत जेवले. जेवणाच्या टेबलावर पाण्यानं भरलेला पोर्रोन माझ्या हाताशी, मंजिरी पिलारच्या नाहीतर विनयच्या मांडीवर. कधी मी चर्चच्या मनोऱ्यावरचं करकोच्यांचं रिकामं घरटं बघायची, कधी माळेतल्या मिरच्या मोजायची. आणि मंजिरीकडे बघायचं नाही म्हटल्यावर माझ्या ताटाकडे बघायला वेळ उरला. तिखट सॉसेजबरोबर शिजलेले बटाटे, चाकूनं न कापता मोडून टाकलेले, त्यामुळे रस्सा दाट आलेला. वाफ निघत असलेले. मी एक घास घेतला आणि जीभ भाजली, आणि त्या भाजण्याचा मला इतका आनंद झाला की मी विनयला सांगितलं, “जीभ भाजली!”

“अभिनंदन,” तो म्हणाला.

वाइनही प्यायले, संध्याकाळी एक ग्लास, चक्क ओठ लावून. वही मी दुसऱ्या दिवशीच मिटली होती. नोंद करायची तर बघावं लागतं.

निघायच्या दिवशी मी इंडियाची बॅग उघडली. पिलारला जांभळं कार्डिगन अंगासरशी बसलं. तिनं चिकटपट्टी काढू दिली नाही, तिला वाटलं नक्षी आहे. अजूनही ती रियोहात रविवारी चर्चला ‘द्रौपदीकाकू’ छातीवर लावून जात असेल. छत्र्या शेजाऱ्यांना, नखं कापायची यंत्रं बागेतल्या पंगतीला, तवा मारिसोलच्या वडिलांना. ते तो भिंतीवर टांगणार होते. रिकाम्या बॅगेत पिलारनं मिरच्यांच्या माळा भरल्या, भाजक्या मिरचीचे डबे भरले, वाळलेला घेवडा भरला, आणि मधोमध, उरलेल्या राखाडी कार्डिगनमध्ये गुंडाळून, पोर्रोन.

“इंडियात काय सांगायचं?” विनयनं विचारलं. “काकूंना मिरची? सांगलीला?”

“नवीन जात आहे म्हणायचं.”

घरी आलो. दाराशी दुसरी निळी बॅग आमची वाट बघत उभी होती.

चार ऑक्टोबरला मिसेस हॉब्ज साडेबाराला येणार होत्या. त्या बाराला आल्या. मागच्या दाराची काच वाजली तेव्हा मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून, मान मागे टाकून, हात लांब करून, काचेच्या तोटीतून लालभडक धार तोंडात सोडत होते, आणि खालच्या गालिच्यावर मंजिरी मटणाची नळी चोखत बसली होती. खाली बघता येईना. खाली बघितलं तर मंजिरी थांबेल, आणि धार नाकात.

“कम इन!” मी छताला सांगितलं.

दार उघडलं. पावलं आत आली आणि थांबली. फक्त नळीतला रस ओढल्याचा, सुर्रकन, आवाज.

“मिसेस... मधू, माय लव्ह,” मिसेस हॉब्ज अगदी हळुवार म्हणाल्या. “हे रोज सुरू असतं?”

“दिवसातून तीनदा,” मी घोट घेत म्हटलं. “कोकम आहे. फळाचं सरबत. ती जेवत असताना मला खाली बघायचं नाहीये.”

तेव्हा मला जाणवलं की हे वाक्य मराठीतही विचित्र वाटलं असतं. मी धार थांबवली, डोळे छतावरच ठेवले आणि सगळं सांगितलं. बॅग, नाडी, बाग, पिलार. त्या मध्येमध्ये “आय सी” म्हणत होत्या. आय सी म्हणताना त्या पोर्रोनचा वास घेत होत्या, तेही मला कळलं.

मग वजन. काटा त्यांनी गालिच्यावर मांडला. मंजिरीला नळीसकट वर बसवली, कारण नळी सोडवेना. मी डोळे घट्ट मिटले. सुईसारखी एकच गोष्ट डोक्यात, हॉस्पिटल, हॉस्पिटल, हॉस्पिटल.

“ओह,” मिसेस हॉब्ज म्हणाल्या.

“काय?”

“हाड काढून घेऊ या जरा.”

मंजिरीनं भोकाड पसरलं. मला आवडलं ते भोकाड. खाणं काढून घेतलं म्हणून माझी मुलगी पहिल्यांदा रडत होती.

“चारशे दहा ग्रॅम वाढलंय,” त्या म्हणाल्या. “हाडाशिवाय.”

लाल वहीत त्यांनी टिंब दिलं आणि रेघ जोडली. बसलेला माणूस उठला होता, चांगला दोन पायऱ्या चढला होता. हॉस्पिटलचं पत्र त्यांनी लिहूनच आणलं होतं, तयार. त्यांनी ते घडी करून पर्समध्ये परत ठेवलं. त्यांचेही डोळे जरा ओले दिसले, पण त्यांना तिखट मटणाचा वास सोसला नसेल, असंही असेल.

“मी वीस वर्षं हे काम करतेय,” त्या म्हणाल्या. “सगळ्या आयांना सांगते, मुलाकडे नीट लक्ष द्या.” मग पोर्रोन उचलून बघत, “हे... अवघड असतं का हो?”

“हात लांब. मान मागे. तोंड मिटायचं नाही.”

हात लांब झाला, मान मागे गेली, धार आली, आणि नेमकं त्याच वेळी त्यांनी खाली मंजिरीकडे बघितलं.

कोकमचा डाग जात नाही. क्रीम रंगाच्या ब्लाउजवरून तर नाहीच. त्या खुर्चीत बसून हसत होत्या, नाकातून कोकम, डोळ्यांतून पाणी. त्यांना हसताना बघून मंजिरीही हसायला लागली, आणि मी तर भिंतीला टेकून खालीच बसले. मग उठले, जिन्याखालची बॅग ओढून उघडली, आणि मिरच्यांच्या माळा बाजूला सारून ते एकच उरलेलं राखाडी कार्डिगन त्यांच्या हातात दिलं.

पुढच्या व्हिजिटला त्या तेच कार्डिगन घालून आल्या आणि त्यावरच्या पट्टीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे काय लिहिलंय?

“आशामावशी,” मी म्हटलं. आणि वर बघितलं, कारण मंजिरी जेवत होती.